स्टारफील्ड नव्याने सुरू करताय? कुठल्या क्वेस्ट घ्यायच्या, कुठल्या मुद्दाम सोडायच्या

स्टारफील्ड या अंतराळातल्या रोल-प्लेइंग गेमबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात, एक जण म्हणतो शेकडो तास गेले तरी मन भरत नाही आणि दुसरा म्हणतो दोन दिवसात अनइन्स्टॉल केला, फालतू आहे. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. गेम एकच, पण दुसऱ्याने आपला बराचसा वेळ रिकाम्या ग्रहांवर चालण्यात आणि मिशन बोर्डची कामं करण्यात घालवलेला असतो, तर पहिल्याला शहरांमधल्या क्वेस्ट, म्हणजे गोष्ट असलेली कामं, सापडलेल्या असतात. बेथेस्डाचा हा गेम ६ सप्टेंबर २०२३ ला पीसी आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एस वर आला तेव्हा हजाराच्या वर ग्रह आहेत हीच जाहिरात सगळीकडे होती, त्यामुळे नवीन माणसाला वाटतं की हजार ग्रहांवर हजार गोष्टी असतील. नाहीयेत. जमीन कॉम्प्युटर तयार करतो, त्यावर हाताने बनवलेल्या ठराविक इमारती टाकल्या जातात, आणि थोड्या वेळाने तीच क्रायो लॅब, तेच दरवाजे, त्याच टेबलावर तीच चिठ्ठी दुसऱ्या सूर्यमालेत परत दिसते. हे आधीच माहीत असलं की पुढचा निम्मा वैताग वाचतो.

म्हणून हा लेख. स्पॉयलर शक्यतो टाळलेत, फक्त पायरी ६ आणि ७ मध्ये टाळता येत नाहीत, तिथे आधी सांगेन.

पायरी १: कॅरॅक्टर बनवताना घाई नको

चेहऱ्यावर तासभर घालवा किंवा नका घालवू, हेल्मेटमध्ये तसंही फार दिसत नाही. पण बॅकग्राउंड (आधीचा पेशा) आणि ट्रेट (जन्मजात गुण किंवा नाती) नीट निवडा. बॅकग्राउंडमुळे सुरुवातीचे तीन स्किल मिळतात आणि मधेमधे त्या पेशाचे डायलॉग ऑप्शन येतात. ट्रेट जास्तीत जास्त तीन घेता येतात आणि माझं स्पष्ट मत आहे की आकड्यांचा फायदा बघून ट्रेट घेऊ नका, गोष्ट कुठून मिळते ते बघून घ्या. 'किड स्टफ' घेतला तर तुमचे आईवडील न्यू अटलांटिसमध्ये राहतात, दर आठवड्याला तुमच्या पैशातला छोटा हिस्सा त्यांना जातो पण भेटायला गेलात की त्यांचे संवाद इतके मस्त लिहिलेत की ते पैसे अजिबात टोचत नाहीत, वर अधूनमधून भेटवस्तूही देतात. 'हिरो वर्शिप्ड' घेतला तर एक चाहता तुमच्या मागे लागतो, त्याला क्रूमध्ये घेता येतं, आणि तो इतका बोलतो की काही लोक त्याला दुसऱ्या दिवशीच एखाद्या आउटपोस्टवर (ग्रहावर बांधलेल्या तळावर) सोडून येतात. 'वॉन्टेड' घेतला तर भाडोत्री गुंड कधीही टपकतात. फ्रीस्टार, युनायटेड कॉलनीज किंवा निऑनचं मूळ दाखवणारे ट्रेट त्या त्या ठिकाणी जास्तीचे संवाद उघडतात. पुढे एक्सपान्शन खेळायचं असेल तर 'सर्पंट्स एम्ब्रेस' लक्षात ठेवा, त्याचा उपयोग तिथे होतो.

पायरी २: मेन क्वेस्ट थोडी खेळा आणि मग थांबवा

वर्ष २३३०, तुम्ही वेक्टेरा नावाच्या उपग्रहावर खाणकामगार, एक विचित्र धातूचा तुकडा हाताला लागतो, डोळ्यापुढे काहीतरी चमकतं, आणि पुढच्या अर्ध्या तासात तुम्हाला जहाज, वास्को नावाचा रोबो आणि कॉन्स्टेलेशन नावाच्या संशोधक मंडळींचा पत्ता मिळालेला असतो. ही सुरुवात संथ आहे, मान्य. पण न्यू अटलांटिसमधल्या लॉजपर्यंत सरळ जा, मधे कुठे भटकू नका, कारण लॉजच्या तळघरात एक पेटी आहे जिच्यात कितीही सामान मावतं आणि या गेममध्ये ओझं हा कायमचा डोक्याला ताप आहे.

त्यानंतर मेन क्वेस्टचा पहिला भाग म्हणजे खरं तर शहरांची टूर आहे. 'द ओल्ड नेबरहूड'मध्ये सारा मॉर्गनबरोबर मंगळावरच्या सिडोनियाला जाता, 'द एम्प्टी नेस्ट'मध्ये सॅम को तुम्हाला अकिला सिटीत नेतो. 'इन्टू द अननोन' संपेपर्यंत खेळा, तिथे पहिली पॉवर (विशेष शक्ती) मिळते आणि अँड्रेया ही साथीदारही भेटते. मग थांबा. इथून पुढे मेन क्वेस्टचा वेग वाढतो, जीव मुठीत धरून पळायची भाषा सुरू होते, आणि त्या मूडमध्ये शहरातल्या कुणाची झाडाबद्दलची किरकोळ तक्रार ऐकायला मजा येत नाही. गेम तुम्हाला अडवत नाही, घाईही करत नाही, आर्टिफॅक्ट, म्हणजे ते विचित्र धातूचे तुकडे, कुठे पळून जात नाहीत.

या टप्प्यावर स्किल पॉइंट कुठे टाकायचे विचाराल तर बूस्ट पॅक, सिक्युरिटी, परसुएजन आणि पायलटिंग. सिक्युरिटीसाठी, म्हणजे कुलपं उघडायला, डिजिपिक लागतात, दिसेल तिथे उचला. परसुएजनमुळे कित्येक क्वेस्टमध्ये गोळी न चालवता काम होतं. आणि प्रत्येक स्किलची पुढची रँक नुसत्या पॉइंटने मिळत नाही, त्याचं छोटं चॅलेंज पूर्ण करावं लागतं, म्हणून पहिली रँक लवकर घेऊन ठेवली की चॅलेंज आपोआप पुढे सरकत राहतं.

पायरी ३: क्वेस्ट लॉगला घाबरू नका

न्यू अटलांटिसमध्ये दहा मिनिटं फिरलात की लॉग भरून वाहायला लागतो, कारण रस्त्यात दोन जण बोलत असतील ते नुसतं कानावर पडलं तरी 'ॲक्टिव्हिटी' म्हणून नोंद होते. नवीन खेळाडू इथेच गळपटतो, त्याला वाटतं हे सगळं करायचंय. नाही हो. लॉगमध्ये मेन, फॅक्शन, मिसलेनियस, ॲक्टिव्हिटी आणि मिशन असे वेगवेगळे भाग असतात. यातलं 'मिशन' म्हणजे बोर्डवरून उचललेलं काम, माल पोचवा, अमक्या जहाजाला उडवा, ग्रहाचा सर्व्हे करा, हे न संपणारं असतं आणि पैशांसाठी आहे, गोष्टीसाठी नाही. ॲक्टिव्हिटी म्हणजे फक्त 'तिकडे जाऊन अमक्याशी बोला' असा इशारा, त्यातून कधी खरी क्वेस्ट निघते कधी दोन वाक्यांत संपते. वेळ द्यायचा तो फॅक्शनला, म्हणजे मोठ्या गटांच्या क्वेस्टना, आणि ज्यांच्यात नाव असलेला माणूस तुम्हाला काहीतरी नाव असलेलं काम सांगतो अशा साइड क्वेस्टना.

अजून एक, स्टार मॅपवर प्रत्येक सूर्यमालेची लेव्हल लिहिलेली असते. तुमची ८ आणि तिथली ३० असेल तर क्वेस्ट कितीही भारी असली तरी आत्ता नको.

पायरी ४: फॅक्शन, पण चारही एकदम नाही

चार मोठ्या फॅक्शन लाइन आहेत आणि चारही एकाच फेरीत पूर्ण करता येतात, गेम कुठे बंदी घालत नाही. इथेच लोक घसरतात. सगळं पहिल्याच फेरीत उरकलं की परत खेळायला कारणच उरत नाही. माझा सल्ला, पहिल्या फेरीत दोन, फार तर तीन करा आणि बाकी राखून ठेवा.

पहिली निवड डोळे झाकून यूसी व्हॅनगार्ड, म्हणजे युनायटेड कॉलनीजचं स्वयंसेवक दल. न्यू अटलांटिसच्या मास्ट इमारतीत भरती होता, आधी इतिहासाचं एक छोटं म्युझियम बघायला लावतात, ते स्किप करू नका, त्या जगातली युद्धं आणि कोण कुणाचा शत्रू हे सगळं तिथे पंधरा मिनिटांत कळतं. मग सिम्युलेटरवर विमानाची, म्हणजे जहाजाची, परीक्षा. नंतर पहिलंच काम वाटतं अगदी किरकोळ, टाउ सेटीला जाऊन एका वस्तीची खबर घ्या, आणि तिथे टेररमॉर्फ नावाचा जो प्रकार समोर येतो तो बघून कळतं की हा गेम भीतीदायकही होऊ शकतो. अंधारलेली इमारत, बाहेर काहीतरी धावतंय, आणि तुमच्या हातात अजून सुरुवातीचीच बंदूक. पुढे या लाइनमध्ये एक मोठा निर्णय घ्यायचाय आणि कंपॅनियन, म्हणजे बरोबर फिरणारे साथीदार, त्यावर भरभरून बोलतात. माझ्या मते अख्ख्या गेममधली सगळ्यात नीट बांधलेली गोष्ट हीच, मेन क्वेस्टपेक्षाही.

फ्रीस्टार रेंजर्स अकिला सिटीत सुरू होते, शहरात शिरताच बँकेवर दरोडा चालू असतो आणि तुम्ही आपणहून मधे पडता. लहान आहे, काउबॉय छापाची आहे, शेवटी बक्षीस म्हणून स्टार ईगल हे जहाज मिळतं जे त्या टप्प्यावर फार उपयोगाचं. ज्यांना चांगलं जहाज फुकट हवंय त्यांनी ही लवकर करावी.

र्‍युजिन इंडस्ट्रीजसाठी निऑनला जावं लागतं, पावसातलं ते निऑन दिव्यांचं शहर, तिथे किऑस्कवर नोकरीचा अर्ज भरायचा. खरंच अर्ज. आणि पहिलं काम काय, तर बॉससाठी कॉफी आणायची. तिथून पुढे हळूहळू कॉर्पोरेट हेरगिरी, लपतछपत फाइल्स बदलणं, कुणाच्या खोलीत पुरावा ठेवणं. स्टेल्थ स्किल नसेल तर ही लाइन जीव खाते, त्यामुळे गोळीबार करणाऱ्या बिल्डने हिच्या वाटेला जाऊ नये, दुसऱ्या फेरीत स्टेल्थमध्ये पॉइंट टाकून करावी.

चौथी क्रिमसन फ्लीट, अंतराळातल्या चाच्यांची टोळी. ही मी मुद्दाम शेवटी ठेवतो कारण परत खेळायला सगळ्यात चांगली हीच. यूसीच्या हद्दीत एखादा गुन्हा करून पकडले गेलात की सुरू होते, नाहीतर व्हॅनगार्डमधूनही वाट आहे. सिसडेफचा, म्हणजे यूसीच्या चाच्यांविरोधी दलाचा, कमांडर इकांडे तुम्हाला चाच्यांमध्ये गुप्तहेर म्हणून पाठवतो, तुम्ही फ्लीटची कामं करता करता पुरावे गोळा करून लेफ्टनंट टॉफ्टला देता, आणि जवळजवळ शेवटपर्यंत दोन्ही दगडांवर पाय ठेवून राहता येतं. शेवटी एक बाजू निवडावीच लागते. फ्लीटकडे गेलात तर 'द की' हा त्यांचा अड्डा शाबूत राहतो, जिथे चोरीचा आणि बंदी असलेला माल स्कॅनशिवाय विकता येतो. सिसडेफकडे गेलात तर शेवटची लढाई त्याच अड्ड्यावर होते, ज्यांच्याबरोबर इतके तास काढले त्यांच्याशीच. एका फेरीत ही, एका फेरीत ती, याहून सोपा रिप्ले व्हॅल्यूचा नमुना गेममध्ये नाही.

पायरी ५: या साइड क्वेस्ट चुकवू नका

'मँटिस' सगळ्यात आधी. कुठल्याही स्पेसर गुंडाच्या खिशात 'सिक्रेट आउटपोस्ट' नावाची स्लेट (डिजिटल चिठ्ठी) सापडली की ती वाचा, नुसती उचलून ठेवली तर काही होत नाही. डेनेबोला सूर्यमालेत एक लपलेला अड्डा, आत अक्षरांच्या फरशीचं कोडं, चुकीच्या अक्षरावर पाय पडला की बंदुका सुरू. उत्तर तिथल्याच स्लेटमध्ये आहे, इंटरनेटवर शोधायची गरज नाही. बक्षीस म्हणून चिलखत आणि रेझरलीफ जहाज, ज्यात तस्करीचा माल लपवायला शिल्डेड कार्गो आधीपासूनच बसवलेला असतो.

'फर्स्ट कॉन्टॅक्ट' ही दुसरी आणि हिच्याबद्दल थोडं बोलायलाच पाहिजे. पोरिमा २ वर पॅराडिसो नावाचं श्रीमंतांचं रिसॉर्ट आहे, त्याच्या वर एक अनोळखी जहाज येऊन थांबलंय आणि उत्तर देत नाहीये. वर गेल्यावर कळतं की हे लोक पृथ्वीवरून ग्रॅव्ह ड्राइव्हचा, म्हणजे सूर्यमालांमध्ये झटक्यात उडी मारणाऱ्या इंजिनाचा, शोध लागायच्या आधी निघालेले, पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करून आता पोचलेत, आणि ज्या ग्रहासाठी निघाले त्यावर दुसऱ्यांनी हॉटेल बांधलंय. काय कल्पना आहे! जहाजात शाळा आहे, पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत, सगळ्यांशी बोला. मग रिसॉर्टच्या संचालकांसमोर जा आणि बघा पर्याय काय देतात: या लोकांना करारावर राबणारे कामगार बनवा, किंवा स्वतःच्या खिशातून ग्रॅव्ह ड्राइव्ह घेऊन द्या, नाहीतर जहाजच उडवा. त्या संचालकांना जाब विचारायची सोय नाही, त्यांना गोळी घालायला गेलात तर मरतही नाहीत. या गेमची ताकद आणि मर्यादा एकाच ठिकाणी बघायची असेल तर ही क्वेस्ट करा. कल्पना अव्वल, लेखन चांगलं, पण निर्णयाच्या क्षणी हात बांधलेले.

याच्या उलट उदाहरण मेन क्वेस्टमधल्या 'एन्टँगल्ड'चं. एक संशोधन केंद्र, एका मितीत सगळं जळून खाक आणि एकच माणूस जिवंत, दुसऱ्या मितीत बाकीचे सगळे जिवंत आणि तो मेलेला. तुम्ही दोन्हींमध्ये उड्या मारत पुढे जाता. कुणाला वाचवायचं असा प्रश्न येतो आणि बहुतेक लोक दोनातला एक पर्याय घेतात, पण तिसरी वाटही आहे, घाई न करता तिथल्या नोंदी वाचल्या तर सापडते. इथे पोचाल तेव्हा सेव्ह करून ठेवा आणि जमलं तर गाइड न बघता करा.

बाकी पटकन: करिब्डिस ३ वरची 'ऑपरेशन स्टारसीड', जिथे इतिहासातल्या माणसांचे क्लोन आपापसात भांडतायत आणि अमेलिया इअरहार्टला थेट तुमच्या क्रूमध्ये घेता येतं. पोरिमा ३ वरची रेड माइल शर्यत, लहानशी पण धमाल. सिडोनियाच्या बारमध्ये आणि निऑनच्या खालच्या गल्ल्यांमध्ये सगळ्यांशी बोला, तिथल्या लोकांकडे कामं आहेत.

पायरी ६: कंपॅनियनचं काम वेळेत उरका (इथून हलके स्पॉयलर)

सारा, सॅम, बॅरेट आणि अँड्रेया या चौघांच्या स्वतःच्या क्वेस्ट आहेत. त्या मिळवायला त्यांना बरोबर घेऊन फिरावं लागतं, त्यांना आवडेल असं वागावं लागतं, आणि ते 'बोलायचंय' म्हणाले की थांबून ऐकावं लागतं. चौघंही साधारण एकाच प्रकारचे सज्जन आहेत, चोरी केली की बहुतेक जण तोंड वाकडं करतात, ही या गेमची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. म्हणून क्रिमसन फ्लीटची कामं करताना यांना जहाजावरच ठेवा.

महत्त्वाचं हे की 'नो सडन मूव्हज' नावाची मेन क्वेस्ट लॉगमध्ये दिसली की आधी आपल्या आवडत्या कंपॅनियनची वैयक्तिक क्वेस्ट पूर्ण करून टाका. का ते सांगत नाही. त्यानंतरच्या क्वेस्टमध्ये तुमचं ज्यांच्याशी सगळ्यात जास्त जमतं त्यांचाच प्रश्न येतो.

पायरी ७: युनिटी आणि न्यू गेम प्लस (इथे मोठे स्पॉयलर, मेन क्वेस्ट संपवली नसेल तर नंतर वाचा)

शेवटी युनिटी नावाच्या दारापाशी गेम विचारतो, या विश्वातून दुसऱ्यात जायचंय का; ती नवी फेरी म्हणजेच न्यू गेम प्लस. आत शिरलात तर लेव्हल, स्किल आणि पॉवर बरोबर येतात, बाकी सगळं जातं. पैसे, बंदुका, जहाजं, आउटपोस्ट, घर, लग्न केलं असेल तर जोडीदारही. बदल्यात स्टारबॉर्नचा (असं विश्व ओलांडलेल्याचा) सूट आणि गार्डियन जहाज मिळतं, दिसायला भन्नाट पण शिप बिल्डरमध्ये त्यात काहीच बदलता येत नाही. युनिटीतून मागे फिरता येतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, नको असेल तर परत या आणि त्याच विश्वात खेळत राहा.

म्हणजे जहाज बांधणं आणि आउटपोस्ट हाच ज्यांचा खेळ आहे त्यांनी उडी मारायची गरजच नाही. ज्यांना क्वेस्टची भूक आहे त्यांनी मारावी, पण पहिल्या विश्वात आउटपोस्टवर आठवडे घालवू नका, नाहीतर उडी मारताना हात थरथरतो.

दुसऱ्या विश्वात लॉजवर गेलात की स्टारबॉर्न म्हणून सगळं आधीच सांगून टाकायचा पर्याय येतो आणि मेन क्वेस्टची गोष्ट बाजूला पडते, फक्त आर्टिफॅक्ट गोळा करायचे राहतात. हा पर्याय घ्या. वाचलेला वेळ राखून ठेवलेल्या फॅक्शनला द्या, आणि जिथे जिथे स्टारबॉर्नचे खास डायलॉग येतात ते वापरा, समोरच्याला तुम्हाला हे कसं माहीत असा धक्का बसतो. शिवाय नशिबाने लॉजचं वेगळंच रूप निघू शकतं, एका विश्वात तिथली सगळी मंडळी लहान मुलं असतात आणि तुम्ही त्यांच्याशी गंभीर चर्चा करत बसता, तर एका विश्वात तुम्हीच तुम्हाला भेटता. हे रँडम आहे, म्हणून लोक उडीच्या आधीचा सेव्ह परत लोड करून हवं ते विश्व येईपर्यंत बघतात. फसवणूक म्हणा हवं तर, पण मी त्याच्या बाजूचा आहे, कारण दुसरा मार्ग म्हणजे तेच आर्टिफॅक्ट परत परत गोळा करणं.

पायरी ८: थांबायचं कुठे

सूट आणि जहाज दहाव्या न्यू गेम प्लसपर्यंत सुधारत जातात. पॉवर २४ आहेत आणि प्रत्येक दहाव्या रँकपर्यंत नेता येते, त्यासाठी दर विश्वात पॉवर देणारी मंदिरं परत शोधायची आणि आत तरंगत त्याच चमकणाऱ्या ठिपक्यांमधून जायचं. पहिल्यांदा छान वाटतं. नंतर तो शुद्ध ग्राइंड आहे, त्यात नवीन गोष्ट काहीही नाही, आणि ज्याला गोष्टी हव्यात त्याने दुसऱ्या किंवा तिसऱ्या विश्वात एक घर पकडून तिथेच बस्तान बसवावं. ते विश्व निवडताना फॅक्शनचे निर्णय पहिल्यापेक्षा उलटे घ्या.

तिथे वसलात की मग 'शॅटर्ड स्पेस' घ्या, ३० सप्टेंबर २०२४ ला आलेलं एक्सपान्शन. हाऊस व्हारून या सर्पपूजक धर्मगटाचा व्हारूनकाई ग्रह, एकच सलग हाताने बनवलेला प्रदेश, त्यामुळे तीच इमारत परत दिसायचा त्रास जवळजवळ नाही. अँड्रेयाला बरोबर न्या, तिचे लोक आहेत ते. लेव्हल ३५ च्या आसपास असेल तर बरं. ऑगस्ट २०२४ च्या अपडेटमध्ये आलेली आरईव्ही-८ गाडी त्याआधी घेऊन ठेवा, पायी फिरायचे दिवस गेले. आणि मे २०२४ पासून सेटिंगमध्ये दुकानदारांकडचे पैसे, ओझ्याची मर्यादा, शत्रूंची ताकद हे सगळं वेगवेगळं बदलता येतं, अवघड केलं तर अनुभवाचे पॉइंट जास्त मिळतात, सोपं केलं तर कमी. दुकानदाराचे पैसे वाढवायला लाजू नका, नाहीतर त्याचे पैसे परत भरायला गेममधले ४८ तास वाट बघत खुर्चीवर बसायचं हाच तुमचा मुख्य गेमप्ले होईल.

आणि पहिल्या विश्वातला युनिटीच्या आधीचा सेव्ह डिलीट करू नका, जहाज आणि घर परत बघावंसं वाटलं तर तेवढी एकच वाट आहे.